खापरावरची तीन अक्षरे आणि ब्राह्मीचे वय

तमिळनाडूत पळणीजवळ पोरुंथल नावाचे गाव आहे. तेथील महापाषाणयुगीन दफनांचे उत्खनन २००९-१० च्या सुमारास प्रा. के. राजन यांच्या नेतृत्वाखाली झाले. एका दफनात चार पायांच्या मातीच्या भांड्यात साळीचे दाणे मिळाले. त्याच दफनात भांडी टेकवण्याचे मातीचे कडे होते आणि त्यावर तीन अक्षरे कोरलेली होती : व, य्, र. 'वयर', म्हणजे वज्र, हिरा, असे त्याचे वाचन झाले. अमेरिकेतील प्रयोगशाळेत त्या साळीचे किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने कालमापन केले, तेव्हा इ.स.पू. ४९० हे वर्ष निघाले.

पाठ्यपुस्तकांत आजवर असे शिकवले जाते की, ब्राह्मी लिपीचे निश्चित काळ सांगता येणारे सर्वांत जुने लेख सम्राट अशोकाचे, म्हणजे सुमारे इ.स.पू. २६० नंतरचे. पोरुंथलच्या साळीचे आणि अक्षरांचे वय एकच असेल, तर ब्राह्मी अशोकाहून दोन शतकांपेक्षा अधिक जुनी ठरते. शिवाय तिचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा मगधात न सापडता वैगईच्या आणि कावेरीच्या प्रदेशात सापडतो. तेव्हापासून हा प्रश्न केवळ लिपिशास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. तो वृत्तपत्रांत आला, विधानसभेत आला, समाजमाध्यमांवर तर रोजच येतो. ज्या प्रश्नाशी अस्मिता जोडली जाते, त्यात पुरावा मागे पडतो आणि आवाज पुढे येतो. म्हणून येथे आवाज बाजूला ठेवून पुरावा पाहू.

प्रथम जे निर्विवाद आहे ते. अशोकाचे लेख गुजरातेत गिरनारला आहेत, ओडिशात धौलीला, उत्तराखंडात कालसीला, आंध्रात येर्रागुडीला आहेत. मुंबईजवळच्या सोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तोही याच मालिकेतला. इतक्या विस्तृत प्रदेशात अक्षरांचे वळण जवळजवळ एकच आहे. वायव्येला मात्र, शाहबाजगढी आणि मानसेहरा येथे, हाच मजकूर उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या खरोष्ठीत आहे. कंदाहारला तर ग्रीक आणि अरामी भाषेत. कर्नाटकातील ब्रह्मगिरीच्या लेखाखाली चपड नावाच्या लेखनिकाने आपले नाव ब्राह्मीत लिहिले आणि आपला व्यवसाय सांगणारा 'लिपिकर' या अर्थाचा शब्द खरोष्ठीत लिहिला. आपल्याला दोन्ही लिप्या येतात हे त्याने दगडावर मिरवून ठेवले आहे. भारतीय लेखनाच्या इतिहासात कारागिराचा असा थेट आवाज क्वचितच ऐकू येतो.

ही लिपी पुढे पूर्णपणे विस्मरणात गेली. चौदाव्या शतकात फिरोझशाह तुघलकाने टोपरा गावचा अशोकस्तंभ दिल्लीला आणला. स्तंभ सावरीच्या कापसात आणि बोरूत गुंडाळला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला आणि यमुनेतून नावांवरून नेला, असे वर्णन तत्कालीन इतिहासकार शम्स-इ-सिराज अफीफ याने केले आहे. स्तंभ उभा राहिला, परंतु त्यावरील अक्षरे वाचू शकेल असा एकही पंडित सुलतानाला मिळाला नाही. अलाहाबादच्या स्तंभाची कथा याहून बोलकी आहे. त्याच्यावर अशोकाचा लेख आहे, त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी कोरलेली समुद्रगुप्ताची प्रशस्ती आहे, आणि पुढे जहांगीराचा फारसी लेखही आहे. एकाच दगडावर दोन हजार वर्षांतील तीन राजवटी बोलतात आणि त्यांतील सर्वांत जुना आवाज कोणालाच कळत नव्हता.

तो उलगडला तो मजकुराचा अर्थ लावून नव्हे, मोजदाद करून. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारा जेम्स प्रिन्सेप हा एशियाटिक सोसायटीचा चिटणीस होता. १८३४ मध्ये त्याने अलाहाबाद स्तंभावरील चिन्हांचे कोष्टक मांडले. कोणते मूळ चिन्ह किती वेळा येते, त्याला कोणत्या आडव्या-उभ्या रेघा जोडल्या जातात, याची त्याने नोंद केली. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली : ही चित्रलिपी नाही, व्यंजनाला स्वरचिन्ह जोडण्याची, आपल्या परिचयाची पद्धत येथे आहे. १८३६ मध्ये ख्रिश्चन लासेन याने इंडो-ग्रीक राजा अगाथोक्लीस याच्या नाण्यावरील ग्रीक नावाच्या आधारे त्याच नाण्यावरील ब्राह्मी अक्षरे ओळखली. १८३७ मध्ये सांचीच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांचे ठसे प्रिन्सेपच्या हाती आले. जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपत होता आणि शेवटच्या अक्षरावर टिंब होते. स्तूपाच्या कठड्यावर अनेक माणसे एकच शब्द का कोरतील? दान! 'द' आणि 'न' मिळाले आणि काही आठवड्यांतच दिल्लीच्या स्तंभावरील 'देवानंपिय पियदसि' हे शब्द वाचले गेले. हा पियदसि म्हणजे अशोक, हे सिंहलमधील पाली ग्रंथांच्या आधारे जॉर्ज टर्नर याने दाखवले. त्याला दगडावरचा पुरावा १९१५ मध्ये मस्कीच्या लेखात मिळाला, कारण तेथे अशोकाचे नावच आहे.

या यशात कमलाकांत विद्यालंकार यांच्यासारख्या पंडितांचा वाटा मोठा होता. प्रिन्सेपचे नाव मात्र सर्वत्र राहिले. तो स्वतः अतिश्रमाने आजारी पडला आणि १८४० मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारला. 'ब्राह्मी' हे नाव त्याच्या कानावर कधी गेलेच नाही. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. 'ललितविस्तर' या बौद्ध ग्रंथातील चौसष्ट लिप्यांच्या यादीत पहिले नाव ब्राह्मीचे आणि दुसरे खरोष्ठीचे आहे. डावीकडून लिहिली जाणारी ती ब्राह्मी, असे ठरवून हे नाव या लिपीला देण्यात आले. जैन परंपरेत ऋषभदेवांनी आपली कन्या ब्राह्मी हिला लिपी शिकवली, अशी कथा आहे.

वाचन झाले, पण उगमाचा प्रश्न तसाच राहिला. त्याविषयी दोन टोकांची मते दीड शतक समोरासमोर उभी आहेत.

एक मत असे की, ब्राह्मी पश्चिम आशियातील सेमिटिक लिप्यांपासून निघाली. आल्ब्रेख्त वेबर आणि त्यानंतर गेओर्ग ब्यूलर यांनी ते मांडले. ब्यूलरने जवळजवळ प्रत्येक ब्राह्मी अक्षराला सेमिटिक मूळ शोधून दिले. त्यासाठी काही अक्षरे उलटी करावी लागली, काही आडवी पाडावी लागली. एवढी मोकळीक घेतली तर कोणतीही लिपी कोणत्याही लिपीपासून काढून दाखवता येईल, हा आक्षेप योग्यच आहे. तरीही काही साम्ये सहज झटकून टाकता येत नाहीत. ब्राह्मीचा 'थ' म्हणजे मध्ये टिंब असलेले वर्तुळ. सेमिटिक 'तेथ' जुन्या रूपात जवळजवळ तसाच दिसतो. 'अ' आणि 'आलेफ', 'ग' आणि 'गिमेल' यांच्याही बाबतीत डोळे मिटून घेता येत नाहीत. गांधार प्रांत इराणच्या हखामनी साम्राज्यात होता, त्या साम्राज्याच्या कारभाराची लिपी अरामी होती आणि खरोष्ठी अरामीपासून निघाली याविषयी आज फारसा वाद नाही. खुद्द 'लिपी' हा शब्दही इराणी 'दिपि'शी निगडित मानला जातो. शाहबाजगढीच्या लेखात तो 'दिपि' असाच येतो.

दुसरे मत असे की, ब्राह्मी सिंधू लिपीची वंशज आहे. मोहेंजोदडो उजेडात आल्यावर लँग्डन आणि हंटर यांनी चिन्हांची तुलना केली. हे मत आपल्याकडे अतिशय लोकप्रिय आहे. परंतु त्यापुढच्या अडचणी मोठ्या आहेत. सिंधू लिपीची चिन्हे काही शेकड्यांत मोजावी लागतात, ब्राह्मीची मूळ अक्षरे चाळिशीच्या आसपास. सिंधू लिपी अद्याप वाचली गेलेली नाही; त्यामुळे तिच्या एखाद्या चिन्हाचा उच्चार ब्राह्मीतील तत्सम अक्षराशी जुळतो की नाही, हे तपासताच येत नाही. आणि इ.स.पू. १९०० च्या सुमारास सिंधू नगरे ओस पडू लागल्यापासून ब्राह्मीच्या पहिल्या लेखापर्यंत चौदा-सोळा शतके जातात. या मधल्या काळातील मृद्भांड्यांवर खुणा भरपूर मिळतात, सलग लेखन मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी सिंधू लिपी उलगडणाऱ्यास दहा लाख डॉलरचे पारितोषिक घोषित केले. ते कोणी जिंकले, तरच या मताची खरी परीक्षा सुरू होईल.

मला या दोन्ही बाजूंपेक्षा तिसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. अक्षरांचे आकार कोठून आले, यावर आपण इतके भांडतो की, त्या आकारांमागची रचना कोठून आली, हे विचारायचे राहून जाते. सेमिटिक लिप्यांत व्यंजने असतात. स्वर बहुधा वाचणाऱ्याने ओळखून घ्यायचे असतात. ब्राह्मीत प्रत्येक व्यंजनात 'अ' अंतर्भूत आहे आणि इतर प्रत्येक स्वराला ठरावीक जागी ठरावीक खूण आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आहे. महाप्राण व्यंजने स्वतंत्र आहेत, मूर्धन्य व्यंजने स्वतंत्र आहेत. हे उच्चारशास्त्र वेदपाठाच्या परंपरेत, प्रातिशाख्यांत आणि पाणिनीच्या व्याकरणात तयार होत होते, आणि ते लेखनावाचून, मुखोद्गत, तयार होत होते. कानाने आधी ध्वनींचे पृथक्करण केले आणि हाताने नंतर त्याला आकार दिले.

या रचनेची खूण अक्षरांतच सापडते. अशोकाचा 'ट' म्हणजे उजवीकडे उघडे असलेले अर्धवर्तुळ. ते पूर्ण मिटवले की 'ठ' होतो. 'प'च्या उभ्या रेघेला आत एक गाठ घातली की 'फ'. 'च'च्या एका बाजूचा फुगवटा दोन्ही बाजूंना काढला की 'छ'. 'न' म्हणजे पायाशी आडवी रेघ असलेला उभा दांडा. माथ्यावरही तशीच रेघ दिली की 'ण'. हा उसनवारीचा कारभार वाटत नाही. ध्वनींमधले नाते ज्याला माहीत होते, अशा कोणीतरी काही अक्षरे बाहेरून घेतली असतील वा नसतील. परंतु उरलेली त्याने हिशेबाने बसवली आहेत.

स्वरचिन्हांत हा हिशेब आणखी उघड होतो, आणि तो मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरजच नाही. अशोकाच्या ब्राह्मीत 'आ'साठी अक्षराच्या माथ्याशी उजवीकडे एक आडवी रेघ असते, हा काना. 'ए'साठी तशीच रेघ डावीकडे असते, ही मात्रा. 'ओ'साठी दोन्ही बाजूंना. आपण पहिलीच्या वर्गात 'क ला एक काना एक मात्रा को' असे घोकले, तेव्हा तेवीसशे वर्षांपूर्वीचे सूत्र जसेच्या तसे म्हणत होतो. इकारासाठी उजवीकडे वर वळलेली एक रेघ आणि ईकारासाठी दोन. म्हणून पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी. तळाशी एक रेघ तो पहिला उकार, दोन रेघा तो दुसरा. बंगाली, तमिळ आणि मल्याळममध्ये आजही 'को' लिहिताना 'क'च्या दोन्ही बाजूंना चिन्हे येतात, त्याचे मूळ हेच. (देवनागरीतील पहिली वेलांटी अक्षराच्या आधी का लिहायची, असा प्रश्न मुले विचारतात. ती मुळात उजवीकडेच होती. पुढील शतकांत तिचे टोक लांबत डावीकडे वळले आणि खाली उतरले.)

रचना हुशारीची होती, पण पूर्णत्वास गेलेली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. अशोकाच्या लेखांत द्वित्त व्यंजने लिहिली जात नाहीत. 'ऋ' नाही. गिरनारला जोडाक्षरे आहेत, पण त्यांत 'र' आधी वाचायचा की नंतर, हे लेखनावरून नेहमी कळत नाही. येर्रागुडीच्या एका लेखात तर काही ओळी डावीकडून आणि काही उजवीकडून लिहिल्या आहेत. हॅरी फाल्क यांच्यासारखे अभ्यासक अशा गोष्टींवरून म्हणतात की, लिपी तेव्हा नवीनच होती. खरोष्ठी डोळ्यांसमोर ठेवून ती मौर्यकाळात, बहुधा अशोकाच्याच दरबारात घडवली गेली. सर्वत्र सारखे वळण हाही त्यांच्या मते नव्या आणि राजाज्ञेने पसरवलेल्या लिपीचा पुरावा.

या मताला एक भक्कम आधार आहे, तो नाण्यांचा. अशोकापूर्वी दीर्घकाळ उत्तर भारतात चांदीची आहत नाणी प्रचलित होती. त्यांवर सूर्य आहे, डोंगर आहे, झाडे आणि प्राणी आहेत. अक्षर एकही नाही. ज्या समाजात लेखन सर्वत्र झाले आहे, त्याच्या नाण्यांवर एखादे नाव येऊ नये, हे खटकते. उलट बाजूने सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस सांगतो की, भारतीय लोक घट्ट विणलेल्या कापडावर पत्रे लिहितात. मेगॅस्थनीस मात्र अवघ्या पंचवीसेक वर्षांनी सांगतो की, त्यांच्याकडे लिखित कायदे नाहीत. पाणिनीला 'लिपिकर' शब्द माहीत आहे, पण तो गांधारचा. त्याने पाहिलेली लिपी अरामी असू शकते. कापड आणि भूर्जपत्र आपल्या हवेत टिकत नाही. टिकते ते खापर. म्हणून सारा वाद अखेरीस खापरावर येऊन थांबतो.

खापरांचा पहिला मोठा धक्का दक्षिणेकडून, समुद्रापलीकडून आला. श्रीलंकेतील अनुराधपुर येथे रॉबिन कनिंगहॅम आणि सिरन देरणियगल यांच्या उत्खननात ब्राह्मी अक्षरांची खापरे इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आरंभीच्या मानल्या गेलेल्या थरांत मिळाली आणि १९९६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर पोरुंथल आले, कोडुमणल आले. आणि २०१९ मध्ये वैगईकाठच्या कीळडीचा अहवाल तमिळनाडूच्या राज्य पुरातत्त्व विभागाने प्रकाशित केला. तेथे तमिळ-ब्राह्मी अक्षरांची ५६ खापरे होती, त्यांत 'आदन', 'कुविरन' यांसारखी व्यक्तिनामे होती, आणि ३५३ सेंटिमीटर खोलीवरील एका नमुन्याचा काळ इ.स.पू. ५८० असा निघाला होता. लिपी सहाव्या शतकापर्यंत मागे गेली, अशी घोषणा झाली.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. किरणोत्सर्गी कार्बनचे अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षांचे आहे. नमुन्यात तो किती उरला यावरून वय काढतात. परंतु वातावरणातील या कार्बनचे प्रमाण प्रत्येक काळी सारखे नव्हते. म्हणून आलेली संख्या जुन्या वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून तयार केलेल्या वक्राशी ताडून पाहावी लागते. आणि नेमका इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात हा वक्र जवळजवळ सपाट आहे. संशोधक त्याला हॉलस्टाट पठार म्हणतात. या पठारावर इ.स.पू. ७५० चे धान्य आणि इ.स.पू. ४५० चे धान्य प्रयोगशाळेत जवळपास एकच उत्तर देते. त्यामुळे '४९०' किंवा '५८०' असे एकच वर्ष बातमीत छापून आले, तरी त्यामागे दोन-तीन शतकांचा पट्टा असतो. भारतीय इतिहासाचा सर्वांत कुतूहलाचा काळ, जनपदे, बुद्ध, महावीर, नगरांचा दुसरा उदय, हा सारा याच पठारावर येऊन बसला आहे. दुर्दैव, दुसरे काय!

पण हा आक्षेप घेणाऱ्यांनीही पुढचे पाऊल टाकावे. पठारामुळे वय धूसर होते, अलीकडे सरकत नाही. इ.स.पू. ४०० नंतर वक्र पुन्हा उतरू लागतो. अशोककाळातील धान्य पठारावरच्या धान्यासारखे उत्तर देणार नाही. म्हणजे पोरुंथलची साळ कितीही काटकसरीने मोजली तरी अशोकाच्या आधीचीच राहते. प्रयोगशाळेवर शंका घेऊन हा प्रश्न सुटणार नाही.

शंका घ्यायची ती दाणा आणि अक्षर यांच्या सोबतीवर. कालमापन साळीचे झाले, अक्षराचे नव्हे. खापर कधी भाजले आणि त्यावर टोकाने कधी कोरले, हे कार्बन सांगत नाही. कीळडीसारख्या वस्तीच्या ठिकाणी खड्डे खणले जातात, विहिरी खणल्या जातात, घुशी आणि मुळे माती वरखाली करतात. दोन हातांच्या अंतरावर सापडलेले खापर आणि कोळसा एकाच वर्षीचे असतील असे गृहीत धरता येत नाही. दफनाचे ठिकाण याहून बरे, कारण ते बंद असते. मात्र महापाषाणयुगीन दफने पुन्हा उघडली जात असत. दुसरी अडचण अक्षरांच्या वळणांची. काही लिपिशास्त्रज्ञांना पोरुंथलची अक्षरे तमिळ-ब्राह्मीच्या पहिल्या टप्प्यातील वाटत नाहीत, नंतरच्या टप्प्यातील वाटतात. 'वयर' हा शब्दही उत्तरेकडील प्राकृतातून आलेला आहे. दक्षिणेतला ज्ञात पुराव्यांतला इतका जुना शब्द प्राकृत असावा, ही गोष्ट 'तमिळ आधी की प्राकृत आधी' या भांडणात दोन्ही पक्षांना अडचणीची आहे.

एक मात्र लिपीच्या पोटातूनच सांगता येते. तमिळला महाप्राण आणि घोष व्यंजनांची स्वतंत्र अक्षरे लागत नाहीत. तमिळ-ब्राह्मीने ती बहुतांशी सोडून दिली आणि तमिळच्या खास ध्वनींसाठी चार नवी अक्षरे घडवली. इराव्दम महादेवन यांनी आपल्या २००३ च्या ग्रंथात हा प्रवास तपशिलाने मांडला आहे. ख-घ-छ-झ यांची एवढी सुसूत्र व्यवस्था करणारी लिपी मुळात प्राकृतासारख्या भाषेसाठी घडली असणार, असे मला वाटते. परंतु 'प्राकृतासाठी घडली' याचा अर्थ 'पाटलिपुत्रात घडली' असा होत नाही, आणि 'राजाने घडवली' असा तर मुळीच होत नाही. खापरांवर राजाज्ञा नाहीत. मालकांची नावे आहेत. व्यापारी, कारागीर, जैन आणि बौद्ध श्रमण हे सारे अशोकाच्या आधीपासून विंध्याच्या अलीकडे-पलीकडे ये-जा करत होते. नाव घालण्यापुरती, हिशेब ठेवण्यापुरती लिपी त्यांच्या हाती आधी असावी आणि राजाने ती दगडावर चढवावी, ही शक्यता नाण्यांच्या मौनाशीही फारशी विसंगत नाही.

आंध्रातील भट्टिप्रोळू येथे १८९२ मध्ये सापडलेल्या अस्थिकरंडकांवरील लेख या संदर्भात विसरता येत नाही. तेथे नुसते 'क' हे चिन्ह 'क्' असे वाचायचे आणि 'अ'साठीही वेगळी रेघ द्यायची, अशी पद्धत आहे. तमिळ लेखनिकांनी हीच अडचण पुढे टिंब देऊन सोडवली. म्हणजे शब्दाच्या शेवटी व्यंजन आले तर काय करायचे, या प्रश्नाला निरनिराळ्या गावी निरनिराळी उत्तरे शोधली जात होती. एका दरबारातून आलेल्या एकाच आदेशाचे हे चित्र नाही.

पुढचा इतिहास सर्वपरिचित असल्याने त्वरेने सांगतो. बोरूने लिहिताना अक्षराच्या आरंभी शाईचा जाड ठिपका उमटू लागला. तोच वाढत जाऊन उत्तरेत शिरोरेषा झाली. गुप्त लिपीतून सिद्धमातृका, तिच्यातून नागरी. काश्मीरला शारदा, पूर्वेला बंगालीची पूर्वज. दक्षिणेत ग्रंथ लिपी, कन्नड-तेलुगूचे वळण. ताडपत्रावर लोखंडी टोकाने सरळ आडवी रेघ ओढली तर पान फाटते, म्हणून ओडियासारख्या लिप्या वाटोळ्या झाल्या असे मानले जाते. व्यापारी आणि भिक्षू यांच्याबरोबर ही घराणी तिबेट, ब्रह्मदेश, ख्मेर, थायलंड आणि जावापर्यंत गेली. बोर्निओतील कुताई येथे इ.स. ४०० च्या सुमारास मूलवर्म राजाने यूपांवर संस्कृत लेख कोरवले, ते याच कुळातील अक्षरांत. जपानी 'काना'ची आकृती चिनी आहे, पण तिचा अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न हा क्रम सिद्धम् लिपी शिकलेल्या भिक्षूंनी दिला. संगणकाच्या युनिकोडमध्ये देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ, कन्नड यांचे 'क' आपापल्या कोष्टकात एकाच क्रमांकाच्या घरात बसवले आहेत, कारण भारतीय मानक ठरवतानाच त्यांचे मूळ एक मानले गेले. २०१० मध्ये ब्राह्मीलाही तेथे स्वतःचे कोष्टक मिळाले.

या सर्व प्रवासात एका अक्षराने हट्टाने आपले रूप टिकवले. अशोकाचा 'ठ' म्हणजे साधे वर्तुळ. आजच्या देवनागरीतील 'ठ'ला वर रेघ आणि दांडी आली, पण खालचे वर्तुळ तेच आहे.

आता खापरांकडे परत येऊ. वाद सुटण्याचा मार्ग दिसत आहे. पुढच्या उत्खननात अक्षरे कोरलेल्या भांड्याच्या आत धान्य मिळाले, किंवा त्याच खापराला चिकटलेला अन्नाचा जळका थर मिळाला, तर दाणा आणि अक्षर यांच्या सोबतीची शंका उरणार नाही. पठारावरचे वय अचूक करण्यासाठी एका नमुन्याऐवजी वरपासून खालपर्यंतच्या अनेक थरांचे नमुने क्रमाने मोजून त्यांचा एकत्र हिशेब करता येतो. थरांचा क्रम माहीत असला की धूसर पट्टा अरुंद होतो. आणि हे केवळ वैगईकाठी करून भागणार नाही. राजघाट, कौशांबी, पाटलिपुत्र यांच्या खालच्या थरांतील कोरीव खापरे याच काटेकोरपणे मोजली गेली पाहिजेत. तुलना करायला दुसरे पारडे हवे; आज ते जवळजवळ रिकामे आहे.